डायब्लो टू रिझरेक्टेड, सात महिन्यांनंतर: सगळा हिशेब ‘जी’च्या बटणावर

या खेळाची ओळख करून देण्यात वेळ घालवत नाही. राक्षस मारत लूट गोळा करायचा मूळ डायब्लो टू २००० सालचा, लॉर्ड ऑफ डिस्ट्रक्शन ही त्याची पुरवणी २००१ ची आणि नव्या रूपातला रिझरेक्टेड सप्टेंबर २०२१ चा. मूळ खेळ ज्यांच्याकडे आहे त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: कथेचे तेच पाच अंक, तेच राक्षस, तीच लूट, मग दुसऱ्यांदा पैसे कशाचे? सात महिन्यांच्या वापरानंतर माझं उत्तर कीबोर्डवरच्या एका बटणापाशी येऊन अडलंय. ‘जी’.

खेळ चालू असताना ‘जी’ दाबलं की नवी थ्रीडी चित्रं नाहीशी होतात आणि २००० साल समोर उभं राहतं. चित्र आखूड होतं, दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात, ८०० बाय ६०० चे ठोकळे दिसू लागतात आणि हालचाल अडखळते. पुन्हा दाबलं की आजची झळाळी परत. मेनूत जायला नको, खेळ बंद करायला नको. ऐन लढाईत दाबलं तरी एकाही राक्षसाची जागा बदलत नाही. बहुतेक जण दोन-चारदा गंमत म्हणून दाबतात आणि विसरतात. मला मात्र अख्ख्या खेळातली सगळ्यात मोलाची सोय हीच वाटते, कारण जुन्या भांड्याला कल्हई केलीय की भांडंच बदललंय, ते इथे लगेच कळतं.

ती अडखळणारी हालचाल नीट बघा. मूळ खेळाचा सगळा हिशेब सेकंदाला २५ वेळा होतो: कोण कुठे उभा आहे, कुणाचा घाव बसला, कुणाचा मंत्र सुटला. रिझरेक्टेडमध्ये हा हिशेब तसाच ठेवलाय. नवी चित्रं त्याच्यावर बसवली आहेत आणि दोन ठोक्यांमधली जागा भरून ती सेकंदाला ६० किंवा त्याहून जास्त फ्रेमने (सुट्या चित्रांनी) गुळगुळीत दाखवली जातात. ‘जी’ दाबलं की वरचा थर निघतो आणि खालचं २५ चं घड्याळ उघडं पडतं.

हे घड्याळ जपल्याचा फायदा खेळणाऱ्याला कसा होतो? सॉर्सरेस या जादूगारणीचा मंत्र सुटायला लागणारा वेळ फ्रेममध्ये, म्हणजे याच २५ च्या ठोक्यांत मोजला जातो आणि अर्धी फ्रेम अशी काही नसते. फास्टर कास्ट रेट (मंत्राचा वेग वाढवणारा, अंगावरच्या वस्तूंतून मिळणारा गुण) ६३ टक्के असेल तर ९ फ्रेम लागतात, १०५ टक्के झाला की ८. मधले सगळे आकडे वाया. म्हणजे १०४ टक्के जमवलेल्याला आणि ६३ टक्क्यांवर थांबलेल्याला वेळ सारखाच, ०.३६ सेकंद; पुढच्या एका टक्क्याने तो ०.३२ वर येतो. (लाइटनिंग आणि चेन लाइटनिंग या मंत्रांचं कोष्टक वेगळं आहे, तिथे हे आकडे लावू नका.) वीस वर्षं लोकांनी पाठ केलेली ही कोष्टकं रिझरेक्टेडमध्ये उपयोगी पडतात, कारण घड्याळ बदललेलं नाही. उद्या कुणी हिशेबच सेकंदाला ६० वेळा करायचं ठरवलं असतं, तर प्रत्येक अंगठीची आणि ताईताची किंमत नव्याने ठरवावी लागली असती.

बाकीचे बदल पटकन सांगतो. वस्तू ठेवायचा पेटारा ६ बाय ८ चौकटींचा होता, तो १० बाय १० झाला. शिवाय सगळ्या पात्रांना सामाईक असे कप्पे मिळाले. त्यामुळे एका पात्राची वस्तू दुसऱ्याला द्यायला दुसरं कॉम्प्युटर किंवा मित्र शोधावा लागत नाही. चालता चालता सोनं आपोआप उचललं जातं. ऑफलाइन खेळातली जुनी पात्रं चालतात: त्यांच्या ‘डीटूएस’ फाइल सेव्हड गेम्समधल्या रिझरेक्टेडच्या फोल्डरमध्ये कॉपी करायच्या. मूळ फाइल हलवू नका, कॉपीच करा. नव्या खेळाने एकदा सेव्ह केलेलं पात्र जुन्या खेळात उघडत नाही. मॉड (चाहत्यांनी केलेले बदल) घातलेल्या खेळातलं पात्र असेल तर ते चालेल याचा भरवसा धरू नका. आणि २०२२ च्या २.४ पॅचपासून पात्रांच्या काही वर्गांचे आकडे खरोखरच बदललेत, त्यामुळे ‘जसाच्या तसा’ हे आता फक्त घड्याळापुरतं आणि नकाशांपुरतं म्हणायचं.

गेलं काय, तेही सांगतो. घरातल्या दोन कॉम्प्युटरांनी थेट एकमेकांना जोडून खेळायची टीसीपी-आयपीची सोय काढून टाकली आहे. एका खोलीत बसलेल्या दोघांनाही कंपनीच्या सर्व्हरला वळसा घालून यावं लागतं. मूळ खेळात जे होतं ते काढायचं आणि वर पैसेही घ्यायचे, हे अजून पचलेलं नाही. जागा साधारण ३० जीबी लागते. मूळ खेळ त्याच्या एका कोपऱ्यात मावेल.

आता बटणाकडे परत येतो, कारण दुसरे रीमास्टर (जुन्या खेळांच्या नव्या आवृत्त्या) घेताना मी त्याचाच नियम करून टाकला होता: बटण नसेल तर खरेदी नाही. स्टारक्राफ्ट रीमास्टर्डमध्ये (ऑगस्ट २०१७) ते एफ५ वर आहे. तिथे एका वेळी बाराच शिपाई निवडता येतात, ही जुनी मर्यादाही मुद्दाम तशीच ठेवली आहे. शिवाय मूळ स्टारक्राफ्ट त्याच वर्षी एप्रिलमध्ये फुकट केलं गेलं, म्हणजे पैसे फक्त चित्रांचे. हा मला सगळ्यात सचोटीचा व्यवहार वाटतो: आधी फुकट खेळा, डोळ्यांना खुपलं तर पैसे द्या. कमांड अँड कॉन्कर रीमास्टर्ड कलेक्शनमध्ये (जून २०२०) एकट्याने खेळताना स्पेस बार दाबला की जुनी चित्रं येतात. दोन खेळ आणि तीन पुरवण्या एकत्र, वर खेळाच्या गाभ्याचा सोर्स कोड जीपीएल या खुल्या परवान्याखाली खुला केलेला. टूम रेडर १ ते ३ रीमास्टर्डमध्ये (फेब्रुवारी २०२४) एफ१. नव्या चित्रांत ६० फ्रेम, जुन्यात ३०.

टूम रेडरमध्ये मात्र चित्रांपेक्षा कंट्रोल आधी तपासा. नायिका लाराचं जग चौकटींचं आहे: उभ्याने मारलेली उडी एक चौकट ओलांडते, धावत मारलेली दोन, आणि धावत उडी मारून कड पकडली तर तीन. जुन्या टँक कंट्रोलमध्ये (पात्र रणगाड्यासारखं जागच्या जागी वळवायचं) कडेला उभं राहून एक उडी मागे घेतली की धावायला नेमकं लागेल तेवढंच अंतर मिळतं. नव्या कंट्रोलमध्ये लारा जॉयस्टिक वळेल तिकडे वळते, ती मागची उडी हातात राहत नाही आणि अंतर अंदाजाने धरावं लागतं. नवे कंट्रोल चालू करून ‘उड्या चुकतात’ म्हणणाऱ्यांनी आधी सेटिंग बदलून बघावं.

इथपर्यंत नियम छान चालला. मग दोन खेळांनी तो मोडला.

पहिला हेलो: कॉम्बॅट इव्होल्व्ह्ड ॲनिव्हर्सरी, २०११ चा. बटण आहे, खालचा खेळ जुनाच आहे, सगळं नियमात बसतं. पण नवे खडक आणि नवा झाडोरा काढणाऱ्यांनी जुन्या नकाशाच्या कडा काटेकोर पाळल्या नाहीत. गोळ्या अडतात त्या जुन्याच कडांना. त्यामुळे डोळ्यांना मोकळी दिसणारी जागा गोळी अडवते आणि खडकाआड लपल्यासारखं वाटत असतानाच मार बसतो. अशा जागी बटण दाबून खरी कड बघून घ्यायची, पुन्हा दाबायचं आणि मग नेम धरायचा. ही सोय की शिक्षा? म्हणजे बटण असल्याने घड्याळ जुनं आहे एवढंच सिद्ध होतं. वरचा थर नीट बसवलाय का, ते वेगळं तपासावं लागतं.

दुसरा डार्क सोल्स रीमास्टर्ड, २०१८ चा. बटण नाही. माझ्या नियमाप्रमाणे बाद. पण २०१२ मध्ये पीसीवर आलेला मूळ खेळ आतून १०२४ बाय ७२० मध्येच चित्र काढायचा आणि ३० फ्रेमवर बांधलेला होता. डीएसफिक्स नावाचं फुकट मॉड काही तासांतच आलं आणि चित्राचा प्रश्न सुटला. फ्रेमचा सुटला नाही. मॉडने ६० फ्रेम मोकळ्या केल्या की उडी आखूड पडायची आणि शिडीवरून घसरत खाली आलं की पात्र जमिनीतून आरपार जायचं. कारण सरळ आहे: खेळाचा हिशेब फ्रेमशी जोडलेला होता, एका सेकंदात फ्रेम दुप्पट झाल्या तर गणित बिघडणारच. याच मालिकेतल्या दुसऱ्या खेळात ६० फ्रेमवर शस्त्रं दुप्पट वेगाने झिजत होती, तेही ह्याच कारणाने, आणि त्यासाठी पॅच काढावा लागला. रीमास्टर्डमध्ये ६० फ्रेम आहेत आणि शिडी नीट उतरता येते. हे काम बाहेरच्या माणसाला नीट जमत नव्हतं, खेळाच्या आत हात घालणाऱ्यालाच जमलं. अशा कामाचे पैसे द्यायला माझी हरकत नाही. (स्विचवरची आवृत्ती ३० फ्रेमचीच आहे, तिथे हा मुद्दा लागू नाही.)

तेव्हा बटणाचा नियम मागे घेतो आणि त्याच्या पोटातला प्रश्न तेवढा ठेवतो: जुन्या घड्याळाचं काय केलं? जपलं असेल तर ठीक, समजून-उमजून बदललं असेल तर त्याहून चांगलं. नुसती चित्रं मोठी करून विकत असतील तर ते काम मॉड फुकटात करतात.

चित्रं मोठी करण्याचंसुद्धा काम किती वाईट होऊ शकतं, याचा नमुना म्हणजे नोव्हेंबर २०२१ ची जीटीए ट्रिलॉजी. तिच्यातल्या सॅन अँड्रियास या खेळात टफ नट डोनट्स या दुकानावर षटकोनी नटाची मोठी पाटी होती, नट-बोल्टमधला नट. दुकानाच्या नावातली गंमतच ती. नव्या आवृत्तीत कोपरे गुळगुळीत करण्याच्या भरात तो नट गोल होऊन बसला. पाऊस पांढऱ्या रेघांसारखा दिसायचा. लांबचं धुकं गेल्याने सगळा नकाशा एका टेकडीवरून दिसू लागला आणि एवढं मोठं वाटणारं राज्य परसबागेएवढं झालं. जुन्या खेळांतलं धुकं मशीनची मर्यादा झाकायला असायचं हे खरं, पण अंतराचा भासही त्याच्याच जिवावर होता. मूळ आवृत्त्या विक्रीतून काढल्या होत्या, त्या आरडाओरड झाल्यावर पीसीवर परत आणाव्या लागल्या. २०२४ च्या अपडेटनंतर प्रकाश बराच सुधारलाय, म्हणून आज घेणाऱ्याने २०२१ ची परीक्षणं वाचून ठरवू नये.

गाळलेलं काय, हेही घेण्याआधी बघा. क्रायसिस रीमास्टर्ड (२०२०) जुन्या कन्सोल आवृत्तीवरून केलं, म्हणून पीसीवर असलेली असेन्शन ही लेव्हल सुरुवातीला त्यात नव्हतीच, नंतर घातली. मास इफेक्ट लेजेंडरी एडिशनमध्ये पिनॅकल स्टेशन ही पुरवणी नाही, कारण तिचा सोर्स कोड खराब झालेला निघाला.

पैसे द्यायचेच नसतील तर डायब्लो टूसारख्या जुन्या टूडी खेळासाठी सीएनसी-डीड्रॉ हे जुनी चित्रं आजच्या स्क्रीनवर नीट दाखवणारं साधन पुरतं. त्याच्या सगळ्या फाइल खेळाची ईएक्सई आहे त्याच फोल्डरमध्ये टाकायच्या, खेळाच्या व्हिडिओ टेस्टमध्ये डायरेक्टड्रॉ निवडायचं, मग कॉन्फिग उघडून पूर्ण स्क्रीन आणि मूळ गुणोत्तर कायम ठेवायचं. चित्र पुसट वाटलं तर पूर्ण पटीत मोठं करण्याचा पर्याय आहे, पण आधी भागाकार करा. १०८० ओळींच्या स्क्रीनवर ६०० ओळी दुप्पट होत नाहीत, १२०० लागतील. म्हणजे चित्र मधोमध टिकलीएवढं राहील. १४४० वर दुप्पट बसतं, २१६० वर तिप्पट. ४८० ओळींचे खेळ १४४० वर अगदी काठोकाठ तिप्पट येतात. सामाईक पेटारा यातून मिळणार नाही, आणि खरं सांगायचं तर सात महिन्यांनंतर मला जुन्याकडे परत जाऊ देत नाही तो पेटाराच. बटणाचं एवढं कौतुक करून शेवटी अडलो ते खोक्यांच्या जागेपाशी.

स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेणार असाल तर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. ते दोन तास सुरुवातीच्या व्हिडिओंत घालवू नका. पहिल्या दहा मिनिटांत बटण आहे का ते बघा, फ्रेमची मर्यादा ३० आणि ६० करून एकच उडी किंवा एकच वार दोन्हीकडे करून बघा, आणि मग एखाद्या अंधाऱ्या जागी जा. नव्या प्रकाशात काळोख खरा झालाय आणि खाली पडलेल्या किल्ल्या, औषधं त्यात बुडून जातात. टूम रेडरमध्ये तर हे इतक्यांदा होतं की किल्ली सापडत नसेल तर भिंती चाचपडत बसू नका. एफ१ दाबा, किल्ली समोरच पडलेली असते.