परमिट रूम की बिअर शॉपी: परवान्याचा अर्ज भरण्याआधीचा हिशोब

दारूच्या धंद्यात नव्यानं उतरणाऱ्यासमोर महाराष्ट्रात खऱ्या अर्थानं दोनच दारं असतात. वाइन शॉपचा (एफएल-२) नवा परवाना सत्तरच्या दशकापासून मिळत नाही. कुणाचा तरी जुना घ्यायचा म्हटलं, तर त्याचा भाव ऐकूनच माणूस चहा पिऊन परत येतो. देशीचं दुकान हा निराळा धंदा, तो इथे बाजूला ठेवू. राहिले दोन: परमिट रूम, म्हणजे बसून पिण्याचा बार (एफएल-३), आणि बिअर शॉपी, म्हणजे बंद बाटली विकत न्यायचं दुकान (एफएल/बीआर-२). परवान्यांची ही भाषा ज्यांना ठाऊक आहे आणि तरी पाय अडलाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

दोन्हीकडे सरकार पैसे घेतं, पण घेण्याची जागा वेगळी आहे. मानवी सेवनाची दारू जीएसटीच्या बाहेर आहे, म्हणून राज्याच्या हातात तीन दोऱ्या उरतात: कारखान्याच्या दारात उत्पादन शुल्क, विक्रीवर व्हॅट आणि परवान्याची वार्षिक फी. बिअर शॉपीत पेटी येते तेव्हा पहिल्या दोन दोऱ्या एमआरपीत विणूनच आलेल्या असतात. तुम्ही छापील किमतीला विकायचं आणि आपली मार्जिन ठेवायची. परमिट रूममध्ये मात्र शुल्क भरलेला माल विकत घेऊन तुम्ही स्वतःचा भाव लावता, आणि त्या भावावर पुन्हा व्हॅट बसतो. तो १ नोव्हेंबर २०२३ पासून ५ टक्क्यांवरून १० टक्के झाला. २०२५-२६ साठी परवाना फीही १५ टक्क्यांनी वाढली, आणि जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं विदेशी मद्याच्या शुल्काला हात घातला. तिन्ही ओझी एकदम आल्यावर १४ जुलै २०२५ ला परमिट रूमवाल्यांनी राज्यभर बंद पाळला. बिअर शॉपीवाले त्या दिवशी निवांत होते, कारण जूनच्या वाढीतून बिअर आणि वाइन वगळली होती.

ती वाढ आकड्यात बघा. प्रति बल्क लिटर (म्हणजे मालाचा प्रत्यक्ष भरणारा लिटर) २६० रुपयांपर्यंत उत्पादन खर्च जाहीर केलेल्या मालावर पूर्वी खर्चाच्या तिप्पट शुल्क होतं, ते साडेचारपट झालं. समजा एखाद्या ब्रँडचा जाहीर खर्च लिटरला २०० रुपये आहे. म्हणजे १८० मिलीच्या क्वार्टरमधला माल ३६ रुपयांचा. त्यावर पूर्वी १०८ रुपये शुल्क बसायचं, आता १६२. एका क्वार्टरमागे ५४ रुपये वाढले, आणि त्यावर व्हॅट व मार्जिनची चढण वेगळीच. म्हणूनच क्वार्टरची किमान किंमत ११५-१३० वरून थेट २०५ रुपयांवर गेली. देशीची क्वार्टर ८० रुपये ठरली आणि मधे १४८ रुपयांना धान्यापासून बनवलेल्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’ची नवी पायरी बसवली. जो गिऱ्हाईक रोज दोन क्वार्टर घ्यायचा, तो एकदम थांबत नाही. तो आधी ब्रँड खाली उतरवतो, मग जागा बदलतो, आणि कोकणात असेल तर बांद्याच्या पलीकडून, म्हणजे गोव्यातून, चोरून आलेल्या बाटलीकडे वळतो.

गोव्याच्या मालाचा हा मुद्दा परवाना निवडतानाही उपयोगी पडतो. चोरटा माल नेहमी वजनाला हलका आणि शुल्काला जड असतो. व्हिस्कीच्या १२ बाटल्यांच्या पेटीत ९ लिटर माल आणि त्यावर शुल्काचा मोठा फरक. बिअरच्या १२ मोठ्या बाटल्यांत ७.८ लिटर, पण फरक किरकोळ, आणि काच तेवढीच जड. गाडीत बिअर भरून धोका कोण पत्करेल? म्हणून सिंधुदुर्ग-कोल्हापूर पट्ट्यात शुल्क वाढलं की परमिट रूमचं गिऱ्हाईक आधी गळतं. बिअर शॉपीला त्याची झळ फारशी लागत नाही.

आता मार्जिनकडे. इथं परमिट रूम उघडपणे सरस आहे, ते मान्य करायलाच हवं. सोयीचे आकडे घेऊ. तुम्हाला १,००० रुपयांना पडलेली ७५० मिलीची बाटली, ३० मिलीचे २५ पेग, पेगला १०० रुपये, व्हॅट धरून. प्रत्यक्षात २४ पेग निघतात, म्हणजे २,४०० रुपये. त्यातून व्हॅटचे साधारण २१८ आणि मालाचे १,००० गेले, हातात १,१८० च्या आसपास. उलट बिअरच्या बाटलीची एमआरपी २०० आणि मार्जिन दहा टक्के धरली, तर पेटीमागे २४० रुपये. एका बाटलीइतकी कमाई करायला पाच पेट्या विकाव्या लागतील. शिवाय परमिट रूममध्ये तीच २०० ची बिअर तुम्ही ३२० ला देऊ शकता. हॉटेलात बाटली टेबलावर येते ती सेवेसकट, तिला एमआरपीचं बंधन नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१७ चा निकाल आहे. तो पाण्याच्या बाटलीवरून निघाला, पण तत्त्व तेच.

बिअर शॉपीत ही सवलत नाही, आणि बरेच नवे दुकानदार इथेच घसरतात. ‘कूलिंग’चे म्हणून बाटलीमागे पाच-दहा रुपये जास्त घेतात. हे छापील किमतीचं उघड उल्लंघन आहे, आणि गिऱ्हाइकाच्या मोबाइलमधला एक व्हिडिओ त्याला पुरतो. फ्रीजचं व्यापारी दराचं वीजबिल मार्जिनमधूनच काढायचं, हे पहिल्या दिवशीच वहीत लिहून ठेवावं.

परमिट रूमच्या त्या ११८० रुपयांतून पुढे काय काय जातं, ते बघा. भाडं, स्वयंपाकी, वेटर, बर्फ, फुटलेले ग्लास आणि परवाना फी. फी लोकसंख्येच्या टप्प्यानुसार ठरते आणि वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असतं. समजा तुमच्या गावच्या टप्प्यात ती ५ लाख आहे आणि वर्षात ३५० दिवस धंदा होतो. रोज शटर उघडायच्या आधी १,४२९ रुपये गेलेले असतात. १५ टक्के वाढीनंतर १,६४३. धंदा झाला वा न झाला, हे पैसे परत येत नाहीत. विक्रीवरचा कर मंदीत आपोआप कमी होतो, एकरकमी फी मात्र श्रावणातही तेवढीच राहते. गटारी उरकली की महिनाभर निम्मी टेबलं रिकामी, मग गणपती, मग नवरात्र. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर बंद, आणि निवडणूक लागली की मतदान संपण्याआधीचे ४८ तास बंद. श्रावण बिअर शॉपीलाही चुकत नाही, पण तिची फी त्या मानानं हलकी असते आणि माणसं दोनच लागतात. तिचा सगळा जीव मार्च ते जूनमध्ये.

कराचं एक छोटं पण चिवट दुखणं परमिट रूमला आणखी आहे. एकाच बिलावर दोन राज्यं नांदतात: दारूवर राज्याचा व्हॅट आणि जेवणावर ५ टक्के जीएसटी. जागेच्या भाड्यावर, एसीवर, फर्निचरवर भरलेल्या १८ टक्के जीएसटीची वजावट दारूच्या विक्रीवर मिळत नाही, कारण ती जीएसटीतच नाही. जेवणावरच्या ५ टक्क्यांतही वजावट नाही. म्हणजे सजावटीवर १० लाख खर्चले, तर त्यावरचे १ लाख ८० हजार कायमचे तुमचे. अंदाजपत्रक करताना हे हमखास विसरलं जातं.

हे सगळं सोसूनही परमिट रूम परवडते, अशी ठिकाणं आहेत. तरीही पारडं दुसऱ्या बाजूला झुकलं ते एका भलत्याच किरकोळ वाटणाऱ्या गोष्टीनं: फोडलेली बाटली.

बिअर शॉपीचा साठा मोजणं म्हणजे बेरीज-वजाबाकी. ६५० मिलीच्या १२ ची पेटी, पिंट आणि ५०० मिलीच्या कॅनच्या २४ ची. काल शिल्लक, आज आवक, आज विक्री, शिल्लक. फुटली तर काच दाखवायची. परमिट रूममध्ये प्रत्येक ब्रँडची एक तरी बाटली उघडी असते, आणि तिच्यात किती मिली आहेत हेही नोंदवहीत रोज उतरायला हवं. ३० मिलीचं माप काठोकाठ भरलं की ते ३१ होतं. नेहमीच्या गिऱ्हाइकासाठी बारवाल्याचा हात सैल सुटतो. मापाच्या कडेला थेंब राहतात. रोज १५ उघड्या बाटल्या, प्रत्येकीत १० मिलीचा फरक, म्हणजे दिवसाला पाच पेग. आठवड्यात नोंदवही आणि कपाट दोन निराळ्या गोष्टी सांगू लागतात.

तपासणीला एक्साईजचा, म्हणजे उत्पादन शुल्क खात्याचा, माणूस आला की पहिला हात त्या उघड्या बाटल्यांकडेच जातो. साठा कमी भरला तर तुमचं नुकसान आणि वर नोटीस. जास्त भरला तर प्रकरण गंभीर, कारण जास्तीचा माल आला कुठून? शुल्क न भरलेल्या मालाचा पहिला संशय तिथूनच उगवतो. त्याहून वाईट म्हणजे मंद खपाची महागडी बाटली. वहीप्रमाणे २५ पेग विकून झालेत आणि बाटलीत अजून दोन बोटं माल दिसतोय, तर बाहेरचा माल वरून भरल्याचा संशय येतो, मग तो निव्वळ बारवाल्याच्या आखडत्या हाताचा परिणाम का असेना. ज्याला हे टाळायचंय, त्यानं बंद करताना उघड्या बाटल्या मोजपात्रात किंवा वजनकाट्यावर मोजून त्याच रात्री नोंद करायची. ‘सकाळी लिहू’ म्हटलं की घोळ सुरू. रात्री दीडला हे काम नेटानं करणारा माणूस पगारावर मिळणं अवघड, म्हणून मालकालाच बसावं लागतं. फी आणि व्हॅट निदान आधी मोजता येतात. ही रात्रीची बैठक मोजता येत नाही, आणि परवाना असेपर्यंत ती सुटत नाही.

नोकरनामा, म्हणजे परवान्यावर कामाला असलेल्यांची मंजूर यादी, दोन्हीकडे लागतो. पण बिअर शॉपीतली दोन नावं वर्षभर टिकतात. परमिट रूममधला वेटर दिवाळीला गावी जातो तो परत येत नाही, आणि त्याच्या जागी आलेला मुलगा यादीत नसताना ट्रे घेऊन फिरतो. वयाची भानगडही तशीच. बिअरला २१ पूर्ण, कडक दारूला २५. शॉपीत एकच आकडा लक्षात ठेवायचा. परमिट रूमच्या टेबलावर चौघे बसतात, एकजण बावीसचा, तो बिअर मागतो आणि मित्राच्या ग्लासातून व्हिस्की पितो. जबाबदार तुम्ही. ५ रुपयांच्या एकदिवसीय परवान्यांची पुस्तकंही फाडून भरायची असतात, फक्त तपासणीच्या दिवशी नव्हे.

बिअर शॉपी गोमटी आहे असं नाही. बिअरला साधारण सहा महिन्यांची मुदत असते. कंपनीच्या योजनेला भुलून जूनमध्ये जादा पेट्या उचलल्या, तर पावसाळा संपेपर्यंत त्यातल्या निम्म्या तारखेला टेकतात. त्या सवलतीत विकता येतील, पण मुदत संपल्यावर नष्ट करायलाही परवानगी लागते. दुकानासमोर गाडीच्या बॉनेटवर बाटली फोडणाऱ्यांचा त्रास वेगळा. ते तुमच्या दारात पीत नसले तरी तक्रार तुमच्याच नावानं होते. आणि मार्च २०२५ मध्ये सरकारनं विधानसभेत जाहीर केलं, की गृहनिर्माण संस्थेच्या इमारतीत नवी बिअर शॉपी काढायची तर संस्थेचं ना-हरकत पत्र हवं. तळमजल्याचा गाळा स्वस्तात मिळतोय म्हणून आधी पागडी देऊन मोकळे होणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. आडव्या बाटलीचं मतदान, म्हणजे दारूचं दुकान बंद करण्यासाठी गावानं घेतलेलं मतदान, मात्र दोघांनाही सारखंच.

तेव्हा ज्याचं जेवणाचं हॉटेल आधीपासून नीट चालतंय, भटारखाना स्वतःच्या हातात आहे, घरातलं कुणी रात्री गल्ल्यावर बसू शकतं, आणि जागा महामार्गाच्या अंतराच्या नियमात बसते, त्यानं परमिट रूमचा विचार जरूर करावा. त्याच्याकडे फी जेवणावरही विभागली जाते. अंतराचं आधी मोजून घ्यावं: डिसेंबर २०१६ च्या निकालानं ५०० मीटर ठरले, मार्च २०१७ मध्ये २० हजारांपर्यंत लोकवस्तीच्या गावांना २२० मीटरची सूट मिळाली. बाकीच्यांना, विशेषतः पहिलाच परवाना घेणाऱ्यांना, कमी मार्जिनची बिअर शॉपी जास्त मानवेल असं वाटतं. फ्रीजवर हात आखडू नये. शनिवारी संध्याकाळी थंड पेट्या संपल्या की गरम बिअरची पेटी कुणी उचलत नाही, गिऱ्हाईक सरळ पुढच्या चौकात जातं. एका वेळी किमान १० पेट्या गार राहतील एवढी जागा, इन्व्हर्टरवर वेगळी लाइन, आणि गाळ्याला मागचं दार, म्हणजे माल उतरवताना रस्ता अडत नाही. करारावर सही करण्याआधी संस्थेच्या सचिवाकडून पत्र लेखी घ्यावं. तोंडी ‘हो’ म्हणणारे सभेत गप्प बसतात.