दारातला पूल: सुटा की बिजागरीचा?

मॉडेल रेल्वेचा लेआउट खोलीच्या चारही भिंतींना लागून फिरवायचा म्हटला की दार आडवे येतेच, आणि फळीखालून वाकून ये-जा करण्याचा उत्साह फार काळ टिकत नाही. माझ्याकडे आधी उचलून बाजूला काढण्याचा सुटा पूल होता, आता बिजागरीवर वर उचलला जाणारा आहे.

बांधणीपुरते पाहिले तर सुटा पूल सोपा, हे मान्य करायला हवे. दोन्ही टोकांना आधाराची पट्टी आणि त्यावर पूल नेमक्या जागी बसवणाऱ्या पितळी डोवेलच्या (खुंटी आणि तिच्या खाचेच्या) जोड्या बसवायच्या. रूळ सांध्यावरून अखंड टाकायचे आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंना पितळी स्क्रूंवर डाख देऊन पक्के झाल्यावरच बारीक करवतीने कापायचे. एवढी काळजी घेतली की सांधा ओलांडताना गाडीला धक्का बसत नाही. शिवाय पूल काढला की दार पूर्ण मोकळे होते.

बिजागरीच्या पुलात मेख एकच आहे. बिजागरीची आस रुळाच्या माथ्याहून वर असावी लागते, नाहीतर पूल उचलताच स्थिर भागावरच्या आणि पुलावरच्या रुळांची टोके एकमेकांना भिडतात. म्हणून बिजागरी ठोकळ्यांवर चढवावी लागते, आणि हे ठोकळे कठड्याच्या किंवा एखाद्या इमारतीच्या आड कितीही दडवले तरी थोडे दिसतातच. सांधाही शक्यतो सरळ रुळावर आणि काटकोनात घ्यावा. वर उभा केलेला पूल अडकवायला भक्कम कडी हवी, हे वेगळे सांगायला नको.

तरीही माझा कौल ठरला तो एका साध्या कटकटीमुळे: काढलेला सुटा पूल ठेवायचा कुठे? दारापलीकडून कोणी हाक मारावी, घाईत वायरचा प्लग ओढून पूल दोन्ही हातांनी उचलावा आणि मिळेल त्या भिंतीला टेकवून ठेवावा, असे सतत होत असे. येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय लागून रुळाचे टोक केसभर वाकले, तरी पुढच्या फेरीत नेमका तिथेच डबा घसरे. शेवटी पूल काढण्यापेक्षा पुन्हा वाकून जाणेच मी पसंत करू लागलो, आणि मग पूल हलता असण्याला अर्थच उरला नाही. बिजागरीचा पूल जागच्या जागी राहतो. त्याचा एकच सांधा रोज नव्याने जुळवावा लागतो आणि लवचीक वायर बिजागरीच्या बाजूने नेली की प्लगची भानगड उरत नाही.

सुरक्षिततेतही थोडा फरक जाणवतो. उभा पूल बिजागरीच्या बाजूने येणाऱ्या गाडीला स्वतःच अडवतो, तर सुटा पूल काढल्यावर दोन्हीकडे कडा उघडी राहते. मायक्रोस्विच (पूल हलताच आपोआप चालणारे छोटे बटण) लावून पुलाअलीकडच्या रुळांचा वीजपुरवठा तोडणे मात्र दोन्ही प्रकारांत आवश्यकच आहे. डीसीसी (डिजिटल नियंत्रणाच्या) इंजिनात कीप-अलाइव्ह कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवून ठेवणारा भाग, असेल, तर ते वीज गेल्यावरही काही अंतर धावते, म्हणून हा निर्वीज टप्पा ऐसपैस ठेवावा.

फाटकासारखा आडवा फिरणारा पूल मी बांधलेला नाही. त्यावरचा देखावा आडवाच राहतो हे आकर्षक असले, तरी लांब पूल एका बाजूच्या आधारावर लोंबू नये म्हणून चौकट बरीच दणकट लागेल.

दार क्वचितच उघडत असेल, तर सुटा पूल पुरेसा ठरू शकेल. तोच निवडणार असाल, तर काढलेला पूल ठेवायला त्याच्या मापाचे कंस (ब्रॅकेट) भिंतीवर आधी बसवावेत आणि मगच प्लायवूड कापायला घ्यावे.