गॅरेट प्रो-पॉइंटर एटी : खड्ड्यातलं शेवटचं वीतभर

मेटल डिटेक्टर खड्डा कुठे खणायचा ते सांगतो. त्या खड्ड्यात नाणं नेमकं कुठे आहे, हे शोधताना मात्र घात होतो. जमिनीवर फिरवायच्या त्याच्या मोठ्या चकतीचा, म्हणजे कॉइलचा, अंदाज दोन-तीन इंचांनी चुकला, तरी फावड्याची धार नाण्यावरून फिरते. इंग्लंडच्या नांगरटीत मिळणारी राजा पहिल्या एडवर्डची पेनी, म्हणजे चांदीचं छोटं नाणं, जेमतेम १.४ ग्रॅमची आणि पातळ पत्र्यासारखी असते. १२७९ च्या आधी तर सुट्या पैशांसाठी पेनीचेच अर्धे-पाव तुकडे कापत. असा पाव तुकडा ओल्या चिकणमातीच्या ढेकळात शिरला की डोळ्यांनी सापडणं कठीण. प्रो-पॉइंटर एटी हा खड्ड्यात खुपसून धातूची नेमकी जागा शोधायचा हातातला छोटा डिटेक्टर. हा नारिंगी दांडा, ज्याला शौकीन मंडळी 'गाजर' म्हणतात, पैसे वसूल करतो तो इथेच.

चालू करताना टोक हवेत, धातूपासून लांब धरा. खड्ड्यात खुपसून बटण दाबलंत तर तिथला धातूच तो शून्य धरतो आणि नाण्याशेजारी गप्प बसतो. मोठा डिटेक्टर बंद करा किंवा मीटरभर लांब ठेवा, नाहीतर दोघे एकमेकांना उचकवतात. आधी न खणता जमिनीवरून फिरवा, कारण नांगरलेल्या रानात नाणं बरेचदा वरच्या दोन बोटांतच असतं. मग ढेकूळ उचला. आधी ढेकूळ, मग खड्ड्याच्या भिंती, शेवटी उपसलेला ढिगारा असा क्रम ठेवा. खड्डा गप्प झाला म्हणजे वस्तू ढिगाऱ्यात आहे; नवखे तरीही खड्डाच खोल करत बसतात.

पल्ल्याबद्दल भाबड्या अपेक्षा नकोत. छोट्या चांदीच्या नाण्याला तो फार तर दोन-तीन सेंटिमीटरवरून वाजतो, आणि नाणं उभं असेल तर त्याहूनही कमी. टोकाबरोबर बाजूनेही धातू कळतो, म्हणून तो खड्ड्याच्या भिंतीला घासून फिरवता येतो. बाजूच्या पातीने माती खरवडता येते आणि तिच्यावरच्या खुणांनी खोली मोजता येते.

नांगराचा फाळ किंवा मोठी वस्तू असली की सगळा खड्डाच वाजतो. अशा वेळी वाजत असतानाच बटण झटकन दाबून सोडा. कक्षा आवळते आणि वस्तूचा मध्य कळतो. मात्र नंतर बंद करून पुन्हा चालू करायला विसरू नका, नाहीतर पुढच्या खड्ड्यात तो अर्धा बहिरा राहतो. संवेदनशीलतेच्या ३ पातळ्या आहेत. खाऱ्या ओल्या वाळूत तो उगाच वाजू लागला तर खालची पातळी घ्या. सगळी कामं एकाच बटणावर असल्याने जाड हातमोज्यांत घोळ होतो, ही खरी कुरकुर. दुसरी म्हणजे त्याला लोखंड आणि चांदी यांतला फरक कळत नाही. खिळा, बुटाची लोखंडी टोपी, बोटातली अंगठी, सगळ्यांना तो सारखाच वाजतो.

हा ६ मीटर पाण्यातही चालतो, पण तो भरवसा ९ व्होल्टच्या बॅटरीच्या झाकणातल्या रबरी कडीवर आहे. वाळूचा एक कण राहिला तरी पाणी शिरू शकतं. सेल बदलताना कडी पुसा, सिलिकॉन ग्रीस लावा. हंगाम संपला की सेल काढून ठेवा. पाच मिनिटं बटणाला हात लागला नाही तर तो चिवचिवतो, त्यामुळे गवतात विसरलात तरी सापडतो.

ब्रिटनमध्ये जमीनमालकाची परवानगी लागते, आणि इंग्लंड-वेल्समध्ये १९९६ च्या ट्रेझर (गुप्तधन) कायद्यात बसणारी वस्तू १४ दिवसांत कॉरोनर या स्थानिक न्यायिक अधिकाऱ्याला कळवावी लागते. भारतात मात्र गड-किल्ल्यांवर हे यंत्र नेण्याचा विचारही नको. इथे १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार १० रुपयांहून जास्त किमतीचा पुरलेला ठेवा सापडला तरी जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे.

वापरलेला घेणार असाल तर नावात 'एटी' आहे का ते बघा. जुना काळा प्रो-पॉइंटर पाण्यात बुडवायचा नाही, आणि नकली मालही बाजारात फिरतो.