कैरोत अरबी, भुसावळात चुना

रावेर, सावदा, फैजपूर पट्ट्यातली केळी कंटेनर भरून आखातात जाते, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मी पॅकहाउसमध्ये काम करतो. अरबी येत असेल तर तिकडच्या व्यापाऱ्याशी सरळ बोलता येईल, मधल्या दलालाची गरज कमी होईल, हा विचार काही वेडगळ नाही. मुंबई-पुण्याच्या इस्पितळांतही अरब रुग्णांसाठी दुभाषे लागतात. ही नस बरोबर ओळखून भुसावळला एकाने कार्यालय थाटलं होतं. नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. पण पद्धत सांगतो.

त्याच्या पत्रकावर मोठ्या अक्षरांत ‘इमर्शन’, म्हणजे त्या भाषेतच बुडून राहून ती शिकणं. कैरोत बारा आठवडे, आठवड्याला वीस तास वर्ग, अरब कुटुंबात राहणं, शेवटी प्रमाणपत्र. सगळे मिळून 2 लाख 10 हजार. माझ्या वडिलांना, बापूंना म्हणाला, “काका, तीन महिन्यांत पोरगा फाडफाड अरबी बोलेल.” इमर्शन ही गोष्ट खरी आहे, म्हणून तर पटते. अमेरिकेतल्या मिडलबरी कॉलेजात 1915 पासून उन्हाळी भाषावर्ग चालतात. तिथे विद्यार्थी लेखी शपथ घेतो की जी भाषा शिकतोय तीच बोलेन, जेवतानासुद्धा. याने ती शपथ उचलली आणि आमच्याकडून स्टँप पेपरवर लिहून घेतली. पहिल्या पानावर ‘मी फक्त अरबी बोलेन’, दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात ‘भरलेली रक्कम कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही’. सही दोन्हींसाठी एकच, शेवटी. डोकं आहे माणसाला, ते मान्य करायला हवं.

पैसे कुठे भरायचे? बापूंनी केळीच्या पट्टीचे पैसे बँकेतूनच कैरोच्या संस्थेला पाठवायचे ठरवले होते. हा म्हणाला, बँकेतून परदेशी पैसे पाठवले की टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापतात, माझ्या खात्यावर टाका, मी तिकडे पोचवतो. हे धडधडीत खोटं. शिक्षणासाठी पाठवलेल्या रकमेवर तेव्हा वर्षाला 7 लाखांपर्यंत टीसीएस नव्हताच. एप्रिल 2025 पासून ही मर्यादा 10 लाख झाली. आणि कापला तरी तो विवरणपत्रात वळता होतो. त्याला बँक नको होती त्याचं कारण वेगळं. बँक फॉर्म भरून घेते, संस्थेचं फी मागणीपत्र मागते, पैसे संस्थेच्या नावावरच जातात. मधल्या माणसाला तिथे हात घालायला जागा राहत नाही.

पावतीवर ‘शिक्षण शुल्क’ कुठेच नव्हतं. ‘प्रवास व सल्ला’ असं होतं. पुढे भांडण झालं तेव्हा याच दोन शब्दांवर बोट ठेवून तो म्हणाला, तिकीट काढलं, सल्ला दिला, माझं काम संपलं. पावतीवर जीएसटी नंबरही होता, त्याची सुरुवात 24 ने. महाराष्ट्राचे नंबर 27 ने सुरू होतात, 24 म्हणजे गुजरात. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला की कोणालाही धंद्याचं नाव दिसतं. निघालं काय, तर सुरतेचं साड्यांचं दुकान!

2024 च्या पावसाळ्यानंतर आम्ही गेलो. उतरवलं कैरोच्या नस्र सिटीत. अल-अझहर विद्यापीठामुळे हा भाग परदेशी विद्यार्थ्यांनी गजबजलेला असतो. अरब कुटुंब वगैरे काही नाही. आठव्या मजल्यावरचा फ्लॅट, लिफ्ट बंद, आणि आत मालेगाव, आझमगढ, किशनगंजची पोरं. पोरं फार चांगली, पण दिवसभर हिंदी-उर्दू, रात्री खिचडी. त्या शपथेचं काय करायचं? अरबी बोलायचो ती फक्त खालच्या ताअमियावाल्याशी (ताअमिया म्हणजे तिकडचे फलाफल), तीही बोटं दाखवून.

वर्ग आठवड्यातून तीनदा, दीड-दीड तास. शिकवणारा स्वतःच विद्यार्थी. झेरॉक्स इतक्या पुसट की अक्षरांवरचे ठिपके दिसायचे नाहीत, आणि अरबीत ठिपका गेला की अक्षरच बदलतं. कोणाला किती येतं ही चाचणी कोणी घेतलीच नाही. अलिफ-बे न येणारा मी आणि मदरशात सात वर्षं शिकलेला एकजण एकाच बाकावर. शिकवलं तेही रस्त्यावरचं इजिप्शियन बोलणं. ते वाईट नाही, सिनेमांमुळे अरब जगात बऱ्याच जणांना कळतं. पण मला करार आणि ईमेल वाचायचे होते, ते फुस्हात, म्हणजे लिखाणातल्या प्रमाण अरबीत असतात, आणि आखाती व्यापारी बोलतो ती बोली आणखी तिसरी. कोर्स फुस्हाचा की बोलीचा, बोलीचा तर कुठल्या, हे लेखी घ्या. जो माणूस ‘अरबी म्हणजे अरबी’ म्हणेल त्याच्या कार्यालयातून उठा.

व्हिसा पर्यटकाचा निघाला. तो वाढवायला अब्बासियाच्या पासपोर्ट कचेरीत रांगा लावल्या, फी आमच्याच खिशातून. आणखी एक गंमत. मार्च 2024 मध्ये इजिप्तने चलन मोकळं सोडलं, डॉलरला साधारण 31 पौंड होते ते एकदम 50 च्या आसपास गेले. म्हणजे रुपया नेणाऱ्याला तिथलं राहणं-खाणं स्वस्त झालं. याने मात्र आमचा खर्च जुन्या दरानेच लावला होता. संस्थेच्या काउंटरवर फीचा तक्ता पाहिला तेव्हा कळलं, थेट गेलो असतो तर निम्म्यातही भागलं असतं.

परत आल्यावर पोलीस ठाण्यात ‘हा दिवाणी मामला आहे’ ऐकायला मिळालं. म्हणून जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. 2019 च्या कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, धंदा सुरतेचा असला तरी. 5 लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही, मुदत दोन वर्षं. पावती, स्टँप पेपर, व्हॉट्सअॅपवरचं बोलणं, सगळं प्रिंट काढून लावलं. पैसे ऑनलाइन गेले असतील आणि फसवणूक लगेच लक्षात आली तर आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, रक्कम पुढे सरकायच्या आत.

भुसावळचं कार्यालय बंद झालंय. धुळ्याचा एक मित्र परवा पत्रक घेऊन आला: नाव नवं, फोन नवा, कैरोऐवजी जॉर्डनचं अम्मान, फी 2 लाख 60 हजार. त्यावर पिरॅमिडसमोर हसणाऱ्या पोरांचा फोटो आहे. अम्मानच्या कोर्सला पिरॅमिड! मागच्या रांगेत निळ्या शर्टातला मी आहे. फोटोतल्या कोणाशी बोलायचंय असं त्या पत्रकवाल्याला सांगून बघा, तो काय करतो ते कळवा. आयोगाला द्यायला मला ते उपयोगी पडेल.