विहिरी त्याच, दप्तर नवे: तेल-वायू नोंदींच्या बदललेल्या संकेतस्थळाविषयी

महापे येथील आमच्या कार्यालयात अमेरिकेतील तेल आणि वायूच्या विहिरींची कागदपत्रे तपासून देण्याचे काम चालते. जमिनीच्या आणि खनिजहक्काच्या मालकीचे कागद तेथे काउंटीच्या, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्याच्या, कार्यालयात असतात. विहीर कोणी खोदली, किती तेल निघाले, ती चालू आहे की बुजवली, याची नोंद मात्र राज्याच्या नियामक कार्यालयाकडे असते. आमचे बहुतेक काम ज्या एका राज्याचे आहे, त्याने आपले नोंदींचे संकेतस्थळ अलीकडेच नव्याने बांधले. पुढे तक्रारीही येणार असल्याने त्या राज्याचे नाव घेत नाही. मी तीन महिने ते रोज वापरत आहे.

आधी मोठेपणा मान्य करावा लागेल. हे सारे दप्तर विनाशुल्क आहे आणि त्यासाठी खाते उघडावे लागत नाही. ठाण्यात घरी बसलेल्या माणसालाही हजारो मैलांवरच्या विहिरीचा खोदकामाचा परवाना पाहता येतो. जुन्या पानावर डझनभर चौकटी होत्या आणि त्यांतली एक अचूक भरली की रुक्ष तक्ता समोर येई. नव्या पानावर एकच शोधपट्टी आणि खाली नकाशा आहे. दिसायला हे सोपे आहे, पण पहिल्या आठवड्यात आमच्यापैकी प्रत्येकाला ‘नोंद आढळली नाही’ हे उत्तर इतक्या वेळा मिळाले की विहिरीच गायब झाल्या की काय, अशी शंका येऊ लागली.

चूक आमचीही होती. पट्टी दिसली की माणूस नाव टाकतो, आणि या धंद्यात नावाइतके बेभरवशाचे काही नाही. विहिरी एका कंपनीकडून दुसरीकडे विकल्या जातात. शोधात विहीर सध्या चालवणाऱ्या कंपनीचेच नाव लागते, तर जुने कागद जुन्या नावानेच पडून असतात. सातबारा काढताना खातेदाराच्या नावाने शोधणाऱ्याला जो त्रास होतो, तोच येथे होतो. गट क्रमांक माहीत असलेला मनुष्य मात्र दोन मिनिटांत मोकळा होतो. विहिरीचा गट क्रमांक म्हणजे तिचा एपीआय क्रमांक. त्यातले पहिले दोन अंक राज्याचे, पुढचे तीन काउंटीचे आणि त्यापुढचे पाच त्या विहिरीचे. त्याच विहिरीतून बाजूला दुसरे भोक पाडले किंवा नंतर पुन्हा काम केले, तर त्याची नोंद ठेवण्यासाठी आणखी चार अंक जोडले जातात. नव्या पट्टीला हे शेवटचे चार अंक चालत नाहीत, आणि हे तिने कोठेही सांगितलेले नाही. दहा अंक टाकले की विहीर सापडते, चौदा टाकले की सापडत नाही. दुसरा घोळ संकेतस्थळाचा नसून एक्सेलचा आहे, तरी येथेच सांगून ठेवतो: कॅलिफोर्नियाचा संकेत 04 आणि कोलोरॅडोचा 05 आहे, आणि एक्सेलमध्ये क्रमांक उतरवताना रकाना ‘टेक्स्ट’ केलेला नसेल तर सुरुवातीचे शून्य मुकाट्याने गळून पडते.

माझा सर्वांत मोठा आक्षेप गाळणीवर आहे. पान उघडते तेव्हा केवळ चालू विहिरी दाखवण्याची खूण आधीच केलेली असते. आमचे निम्मे काम बुजवलेल्या विहिरींचे असल्यामुळे कमी परिणाम पाहून अहवाल पाठवून देण्याची चूक सहज होऊ शकते, आणि आमच्याकडे ती एकदा झालीही.

नकाशा मात्र मनापासून आवडला. तेथील बऱ्याच राज्यांत जमीन सहा मैल लांब-रुंद टाउनशिपांत आणि प्रत्येक टाउनशिप 36 सेक्शनांत विभागलेली असते. एक सेक्शन 640 एकरांचा. त्यांचे क्रमांक ईशान्येच्या कोपऱ्यापासून सुरू होऊन पश्चिमेकडे सहापर्यंत जातात, खाली उतरून सात ते बारा पूर्वेकडे परततात, आणि बैल नांगराचे तास धरून वळावेत तसे वळत आग्नेयेच्या कोपऱ्यात 36 वर थांबतात. सहाच्या शेजारी पाच आणि खाली सात कसे, हे नवख्यांना तोंडी समजावताना माझी दमछाक होत असे. आता नकाशावर रेषा उमटतात आणि ते काम होते. (टेक्सासची जुनी मोजणी वेगळीच असल्याने हे गणित तेथे चालत नाही.) नकाशावरचा ठिपका बहुधा जमिनीवरच्या तोंडाचा असतो, हे मात्र ध्यानात ठेवावे. जमिनीखाली वळून आडव्या गेलेल्या विहिरीचा तळ तेथून मैल-दोन मैल दूर, वेगळ्या सेक्शनात असू शकतो. त्यासाठी नकाशातला तळ दाखवणारा थर (लेयर) वेगळा चालू करावा लागतो.

उत्पादनाच्या तक्त्यात तेल बॅरलमध्ये आणि वायू ‘एमसीएफ’मध्ये दिलेला असतो. त्यातल्या ‘एम’चा अर्थ दशलक्ष नसून रोमन आकड्यांतला हजार आहे, म्हणजे एक एमसीएफ म्हणजे एक हजार घनफूट, दशलक्ष घनफुटांसाठी दोन ‘एम’ लिहितात. महिना आधी आणि दिवस नंतर लिहिण्याची अमेरिकी पद्धतही आहेच, त्यामुळे 03/04 ही चार मार्च असते. अशा ठिकाणी छोटी टीप देणे अवघड नव्हते.

तक्त्यावर किती विसंबावे, याविषयी माझे मत स्पष्ट आहे. खोदकाम सुरू झाल्याची तारीख, जिला या व्यवसायात ‘स्पड’ म्हणतात, आणि विहीर पूर्ण झाल्याची तारीख मी तक्त्यातून उचलत नाही. खाली जोडलेला स्कॅन केलेला मूळ अर्ज उघडून पाहतो. तक्ता कोणीतरी त्या कागदावरूनच भरलेला असतो. जुने टंकलिखित कागद नव्या दर्शकात पूर्वीपेक्षा स्वच्छ दिसतात आणि जागच्या जागी फिरवता येतात, ही सुधारणा लहान असली तरी डोळ्यांना तिचे मोल कळते.

वेगाबाबत एवढेच की देखभालीसाठी संकेतस्थळ तेथील मध्यरात्री बंद ठेवतात, आणि ती वेळ नेमकी आमच्या सकाळच्या कामाची असते. मदतीसाठी पाठवलेल्या ईमेलला दोन दिवसांत सभ्य आणि नेमके उत्तर आले, त्यात चौदा अंकांची अडचण मान्यही केली होती.

पाच तारकांपैकी मी साडेतीन देतो. चार दिल्या असत्या, पण जुन्या पानांचे दुवे एका रात्रीत मेले आणि ते नव्या पानांकडे वळवण्याची तसदी कोणी घेतली नाही. आमच्या आधीच्या अहवालांत प्रत्येक विहिरीपुढे असा एक दुवा आहे. ते एकेक उघडून बदलण्याचे काम सध्या दर शनिवारी चालते, आणि त्या दिवशी घणसोलीहून ठाण्याकडे येणारी माझी नेहमीची लोकल चुकते.