आठ महिने झाले, हात अजून जुनीच जागा शोधतात

दिवसाचे सहा-सात तास माझ्यासमोर वर्ड प्रोसेसर उघडा असतो. संपादन आणि मुद्रितशोधन हे माझं पोटापाण्याचं काम. आठ महिन्यांपूर्वी मोठं अपडेट आलं आणि रोजची खिडकी एका रात्रीत बदलली. कुणी विचारलं नाही, आधी सांगितलंही नाही. सॉफ्टवेअरचं नाव मुद्दाम देत नाही. पहिल्या आठवड्यात संतापून लिहिणार होते, पण म्हटलं, सवय होऊ दे, मग लिहू. बऱ्याच गोष्टींची सवय झाली. काहींची होत नाहीये, आणि त्यात दोष माझ्या सवयीचा नाही असं आता खात्रीने वाटतं.

सर्वांत जास्त त्रास कॉमेंटचा. पूर्वी शब्द निवडायचा, शॉर्टकट दाबायचा, शंका लिहायची आणि मजकुरात क्लिक करून पुढच्या ओळीवर जायचं. कॉमेंट आपोआप राहायची. आता ती लिहून झाली की ‘पाठवा’चं बटण दाबावं लागतं, नाहीतर कंट्रोल-एंटर. न दाबता मजकुरात गेलं तर कॉमेंट अर्धवट राहते. फाइल परत पाठवली की समोरच्याला ती दिसतच नाही. तीनशे पानांच्या एका हस्तलिखितात माझ्या अकरा शंका अशा अडकून राहिल्या. लेखिकेचा फोन आला, ‘चौथ्या प्रकरणात तुम्ही काहीच विचारलं नाहीत?’ त्याच प्रकरणात मी सगळ्यात जास्त विचारलं होतं. कॉमेंट म्हणजे चॅटमधला मेसेज आहे असं धरून हे केलेलं दिसतं. पण संपादकाची कॉमेंट ही समासातली पेन्सिलीची खूण असते. लिहिली की झाली, ती पाठवायची नसते.

दुसरी गोष्ट, शब्द निवडला रे निवडला की वर तरंगणारी पट्टी. ती नेमकी आधीच्या ओळीवर येऊन बसते, आणि मला तर आधीच्या ओळीशी ताडूनच दुरुस्ती करायची असते. ही पट्टी बंद करता येते, पण तो पर्याय सेटिंगमध्ये इतका आत आहे की मला दोन महिन्यांनी सापडला. आयकॉनचे रंगही काढून टाकलेत. आधी कडेच्या नजरेने निळं चौकोनी बटण कळायचं, आता सगळी एकसारखी करडी. वाचावं लागतं, थांबावं लागतं.

बदल नकोतच असं माझं म्हणणं नाही. मायक्रोसॉफ्ट ऑफिस २००७ मध्ये मेनू जाऊन रिबन (टॅबमध्ये विभागलेली बटणांची रुंद पट्टी) आली, तेव्हाही लोक वैतागले होते. पण तेव्हा एक गोष्ट चांगली केली होती: जुन्या मेनूचे कितीतरी कीबोर्ड शॉर्टकट चालू ठेवले होते. ऑल्ट, मग ई, मग एस दाबलं की पेस्ट स्पेशल (मजकूर कुठल्या रूपात चिकटवायचा ते निवडायची चौकट) उघडायचं, जरी तो मेनू पडद्यावर नव्हता. डोळ्यांना नवं शिकावं लागलं, पण हातांचं शिकलेलं वाया गेलं नाही. रोज काम करणाऱ्याचं निम्मं कौशल्य बोटांत असतं. ते विस्कटलं की प्रत्येक वेळी विचार मजकुरातून निघून बटणाकडे जातो, आणि परत यायला वेळ लागतो.

मूळ सेटिंग बदलण्याचंही तसंच. त्याच २००७ मध्ये नव्या फाइलचा फॉन्ट टाइम्स न्यू रोमनऐवजी कॅलिब्री झाला, ओळींमधलं अंतर १.१५ झालं आणि परिच्छेदानंतर १० पॉइंट जागा आली. दिसायला किरकोळ, पण पानांची संख्या बदलते. माझ्याकडच्या अपडेटमध्येही असंच काहीतरी झालं, आणि पानांवर ठरलेल्या एका कामाचा हिशेब पुन्हा मांडावा लागला. देवनागरीत लिहिणाऱ्यांना तर दुहेरी काम. रोमन आणि देवनागरी अक्षरांचा फॉन्ट नि आकार वेगवेगळा ठरवावा लागतो, आणि ती देवनागरीची चौकट आता दोन पायऱ्या आत ढकलली आहे. मधला एखादा इंग्रजी शब्द १२चा आणि भोवतालचं मराठी ११चं, असं पान आलं की कारण हेच असतं.

चांगलं काय? आवृत्त्यांचा इतिहास. चुकून उडवलेला अख्खा परिच्छेद मी दोनदा परत मिळवला, तेही मिनिटभरात. गडद पार्श्वभूमीही रात्री बरी वाटते.

मी केलेले उपाय सांगते. रोजची बारा बटणं वरच्या छोट्या टूलबारवर आणून ठेवली आणि ती मांडणी फाइलमध्ये साठवली, म्हणजे पुढच्या अपडेटने पुसली तरी परत आणता येईल. फॉन्ट, अंतर, समास सगळं ठरवून स्वतःचं टेम्प्लेट, म्हणजे नमुना फाइल, केलं. आता कोरी फाइल कधी उघडतच नाही. कॉमेंटसाठी मात्र उपाय नाही. फाइल पाठवण्याआधी एक-एक तपासते.

मधल्या काळात लिबरऑफिस हे दुसरं, मोफत सॉफ्टवेअरही वापरून पाहिलं. तिथे रिबनसारखी टॅबवाली मांडणी २०१७ च्या ५.३ आवृत्तीत प्रायोगिक म्हणून आली, पण मेनू आणि टूलबारची जुनी मांडणी काढून टाकली नाही. ज्याला जी हवी ती निवडावी. एवढंच मला हवं आहे. पूर्णपणे तिकडे जाता येत नाही, कारण माझे लेखक आणि प्रकाशक माझ्या रोजच्याच सॉफ्टवेअरमधल्या फाइली पाठवतात, आणि ट्रॅक चेंजेस (मजकुरात केलेल्या बदलांच्या खुणा) दोन्ही बाजूंना अगदी सारखे दिसणं मला गरजेचं आहे.

पाचपैकी अडीच देते. अधूनमधून पत्र किंवा अर्ज लिहिणाऱ्यांना यातलं फारसं जाणवणार नाही, त्यांनी खुशाल घ्यावं. दिवसभर कॉमेंटमध्ये काम करणाऱ्यांनी हातातलं काम संपेपर्यंत थांबावं. मी सध्या एका पुस्तकासाठी अपडेट रोखून धरलेत, आणि तेही मनाला पटत नाही, कारण त्याबरोबर सुरक्षेच्या दुरुस्त्याही अडकतात. त्या लगेच मिळाव्यात आणि बटणांच्या जागा मी म्हणेन तेव्हा बदलाव्यात, अशी लेखी विनंती कंपनीला केली आहे. अकरा कॉमेंटचा किस्साही त्यात लिहिला आहे.