पुणे ते गणपतीपुळे, सोबत आठ महिन्यांचं बाळ: रात्री निघावं की पहाटे?

रात्रीच्या बाजूने एकच मोठी गोष्ट: बाळ झोपतं, ऊन नसतं. पण कराडहून मलकापूरमार्गे आंबा घाट गाठेपर्यंत दोन-तीन वाजतात. चालकाला डुलकी लागण्याची हीच वेळ, पावसाळ्यात वर धुकं. मागे अंधारात बाळाची मान छातीवर कलली तर श्वास अडू शकतो आणि ते कुणाला दिसतही नाही. शेजारी मोठं माणूस हवंच, तेही जागं. (ते जागं राहतं, हे गृहीत धरू नका.)

पहाटे साडेचारला निघालात तर पहिले दोन तास झोपेतच जातात. मग दर दोन तासांनी थांबा आणि बाळाला सीटमधून (गाडीत बसवायची बाळाची पट्ट्यांची खास खुर्ची) बाहेर काढून पंधरा-वीस मिनिटं आडवं झोपवा. घाटाआधी अर्धा-पाऊण तास पोटभर पाजू नका, वळणांवर सगळं बाहेर येतं. त्रास उन्हाचा. साताऱ्याकडे जाताना ते डावीकडून येतं. पश्चिमेला वळल्यावर मागच्या काचेतून, थेट मागे तोंड करून बसलेल्या बाळाच्या चेहऱ्यावर. म्हणून मागच्या काचेलाही जाळीचा पडदा लावा.

सीट दोन्ही वेळी मागच्या आसनावर, मागे तोंड करूनच. पट्ट्याखाली जाड स्वेटर नको, पट्टा सैल राहतो. खांद्यापाशी तो चिमटीत धरता आला तर अजून ओढा.

आमचं मत पहाटेला. रात्रीचा प्रवास फक्त दोन चालक असतील तरच.